ढगाले जा कसं म्हनावं

मी बेल्याकडचा. आमचं गाव असं हाय का बैल चरत चरत महाराष्ट्रात जाते अन् सांजेले तेलंगणात पानी प्यायले येते, त्याले कोनी कागद मागत नाही. कापूस अन् ज्वारी, दुसरं काही नाही. बाप शेतीतच गेला, मीबी गेलो असतो, पन माह्या हातचं बी उगवत नाही असं माही बायको म्हनते, म्हनून वावर तिनं घेतलं अन् मी निवासी शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकी झालो. भांड्यात टाकलेलं शिजते तरी.

आता काय सांगू तुमाले, तेलंगणाचं नवं राज्य झालं त्यानंतर आमच्या शाळेनं पोरींले डोंगर चढायले शिकवायचं मनावर घेतलं, अन् त्यात माही सुनंदा निवडली. मी छपरावर कवेलू फेरायले चढलो तं खाली बायकोले शिडी धरा लागते, अन् माही पोट्टी हिमालय चढनार! पन आधीच्या खेपेले पोरी तिथं जेवल्याच नव्हत्या, उंचावर भूक मरते, म्हनून पोरींले डोंगर शिकवनारे सर म्हनले, मामा, तुमीच चला, घरच्या हातचं असलं तं दोन घास जातील. असा मी परात अन् ज्वारीचं पीठ घेऊन बर्फात गेलो.

बेस कॅम्प म्हंजे काय, तं नुसते गोटे. गोट्यांवर तंबू, अन् समोर डोंगर, दिसला तं. दिसतच नव्हता. पावसाळा सरायले आला व्हता पन ढग हटत नव्हते. उठायचं, तंबूवरचा बर्फ झटकायचा, वर पाहायचं, परत आत जायचं. पोरी एकमेकींच्या वेण्या घालायच्या, सोडायच्या, परत घालायच्या. हसनं आधी कमी झालं, मंग बोलनंबी. भाकरीचं पीठ मी आधनाच्या पान्यात मळायचो, पन थापेस्तोवर ते गार व्हायचं अन् भाकर तव्यावरच फुटायची. ते तुकडे पाहून सर म्हनायचे, मामा, तुमी भाकरीचेबी जिल्हे करून राह्यले का?

कारन तवाच सरकारनं आमचा जिल्हा फोडून त्याचे तुकडे केले व्हते. मले ते बायकोनं फोनवर सांगितलं. सरांजवळ तो उपग्रहाचा फोन व्हता, त्याच्यावर कधीमधी बोलू द्यायचे. ती म्हने, माहेर गेलं माह्यं, मुधोळ आता निर्मल जिल्ह्यात. मी म्हनलं, बाई, मी इथं बर्फात बसून हाय, मी काही केलं नाही. ती हसली नाही. म्हने, पोळ्यापासून थेंब नाही, जमिनीले भेगा पडून राह्यल्या, बोंडं भरत नाहीत, एक पानी आलं तं कापूस हाती लागन. तिकडं ढग दिसते का तुमाले?

दिसते का म्हंजे! ढगातच तं बसलो व्हतो.

आता आमच्या घरची एक रीत सांगा लागते. काळा ढग उठला का माही माय दारात पाट मांडून तांब्याभर पानी ठेवायची, पाहुना दूरून आला म्हनून. अन् ढगाले जा म्हनायचं नाही. कपडे वाळत असो, लग्नाचा मांडव असो, जा हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तं एका सकाळी दरीतून काळाकुट्ट ढग वर चढला, अन् माह्या हातानं आपसूक तांब्या भरला अन् तंबूबाहेर गोट्यावर नेऊन ठेवला.

सुनंदानं पाह्यलं. आजीची रीत तिले ठाऊक. बाबा, तुमी त्याले बोलवून राह्यले? सारा कॅम्प तो जावा म्हनून देवाले हात जोडून राह्यला, अन् तुमी त्याले पानी देता? चढाईच्या परवान्याची मुदत संपून राह्यली बाबा, या आठवड्यात उघडलं नाही तं घरी जा लागते. मी वर्षभर कशासाठी पळाले? जा म्हना त्याले. आत्ताच्या आत्ता म्हना.

आमचा वाटाड्या पेंबादाजू, दाजू म्हंजे तिकडं दादा, चहा पीत व्हता, तो म्हने, बोल दो ना काका, बादल बुरा नहीं मानता.

एकीकडं पोरगी रडून राह्यली, दुसरीकडं तिची माय वावरात वर पाहून राह्यली, अन् दोघींचा ढग एकच. शेवटी पाहुन्याले निरोप देतो तसं म्हनलं, महाराज, लई दिवस राह्यले, आता बेल्याले चला, तिथं घरची वाट पाहून राह्यली. पेंबादाजू इतका हसला का चहा सांडला. पोरगी काही हसली नाही.

मंग उघडलं. माह्या बोलन्यानं उघडलं असं मी म्हनत नाही, वारा फिरनार हे सरांनी रेडिओवर आधीच ऐकलं व्हतं. पोरी पेंबादाजूसंगं वरच्या तंबूत गेल्या, अन् दुसऱ्या दिवशी टोकाकडं निघाल्या. त्या दिवशी दुर्बिणीतून मले पांढऱ्यावर काळे ठिपके दिसले, त्यातला पुढचा माहा. अन् दुपारून खालच्या अंगानं ढग परत आला अन् त्यानं एकेक करून सारे ठिपके पुसले. रेडिओ नुसता खरखर करे. मी चूल पेटवली, विझवली, परत पेटवली. सर माह्याकडं पाहत नव्हते, मी त्यांच्याकडं पाहत नव्हतो. त्या वेळी मले कापूस आठवला नाही, वावर आठवलं नाही, खरं सांगतो, बायकोबी आठवली नाही.

अंधार पडता पडता वरच्या तंबूतून रेडिओवर पेंबादाजूचा आवाज आला, सब वापस, सब ठीक.

दुसऱ्या दिवशी पोरी खाली आल्या. सुनंदा म्हने, बाबा, टोक दिसत व्हतं, दाजूनं माघारी फिरवलं. मी म्हनलं, बरं केलं फिरली. तिनं माह्याकडं असं पाह्यलं का मी परक्या घरचा हाय. म्हने, बरं काय त्यात? अन् तंबूत गेली. घरी येईस्तोवर ती माह्याशी नीट बोलली नाही. आमच्या गावाकडं पाऊस आला का म्हनता? आला, चार शिंतोडे. शेजाऱ्याच्या वावरात जास्त.

आता ती स्वतःच पोरींले शिकवते. यंदा परत त्याच डोंगरावर गेली हाय. माहे गुडघे गेले, म्हनून यंदा मी घरी. तिची माय विचारते, पोहचन का हो? टोकाचं मले काही नाही असं कसं म्हनू, हाय मले बी. सकाळी दिवा लावतो अन् म्हनतो, पोहचू दे तिले, अन् उतरू दे. दोन्ही संगंच मागतो. एकच माग असं देवानं म्हनलं तं काय मागावं हे मले ठाऊक हाय, पन ते तिले ऐकू जाईल का काय, याचंच भेव वाटते.