रिकामं भांडं कसं परत द्यायचं

मी अकोल्याकडची, माहेर अकोल्यात, सासर मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात, आणि संसार सगळा कुठे, तं वायोमिंगमध्ये, घ्या. लोकांचे नवरे अमेरिकेत आले ते हॉस्पिटलात नाही तर कंप्युटरात, आमचे हे जनावरांचे डॉक्टर, नागपूरला शिकले, इकडे येऊन पुन्हा परीक्षा दिल्या, आणि जिथे दुसरं कुणी जायला तयार नव्हतं तिथे यांना काम मिळालं. ताई, आपल्या मराठी मंडळाच्या अंकात गावाचं नाव नका लिहू. आता तं मुळीच नका लिहू, काऊन ते सांगते. गाव म्हणजे काय बाप्पा, एक रस्ता, एक चर्च, एक शाळा, आणि बाकी गाईच गाई, आणि वारा असा की दोरीवर वाळत घातलेली साडी मी कुंपणापलीकडे जाऊन शोधून आणायची. आपलं माणूस म्हणून फक्त आम्ही. पोस्टातली बाई पहिल्या दिवशी यांना म्हणाली, तुम्ही गाय खात नाही आणि गाईचे डॉक्टर, मग गाय नशीबवान आहे. हे हसले, मी नाही हसले, मला इंग्रजीच कळत नव्हतं.

मग मी शाळेच्या स्वयंपाकघरात लागले, पोरांचं जेवण करायला. तिथे डोरिस भेटली. माझ्याहून मोठी, उंच, आवाज असा की पातेली वाजावीत. तिनेच मला बोलायला शिकवलं, गाडी चालवायला शिकवली, आमचा नितीन झाला तेव्हा पहिली आंघोळ तिने घातली. म्हणजे बघा, आई असती तर तिने केलं असतं ते सगळं डोरिसनं केलं. हे मी आज सांगते आहे. इतकी वर्षं नाही सांगितलं, आणि त्याचीच तर लाज वाटते मला.

हे गेले ते वासरांच्या हंगामात, कामाची घाई असते तेव्हा नाही, थंडीच्या तोंडाला गेले, एका गुरांच्या रँचवर काम करता करता छातीत कळ आली आणि तिथेच संपलं. नितीन कॉलेजात होता, आला, दिवस केले, परत गेला, मीच म्हटलं जा, शिक्षण बुडवू नको. त्या दिवसांत गावातल्या बाया येत होत्या, हातात झाकण लावलेलं काचेचं भांडं, कुणाचे नूडल्स, कुणाचं चिकन-भात, टेबलावर ठेवायच्या, मला मिठीत घ्यायच्या आणि जायच्या. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, त्यावर नाव. मी भांडी धुतली, पुसली, ओट्यावर रचून ठेवली.

आता काय सांगू तुम्हाला, आपल्यात शेजारणीचं भांडं रिकामं परत देतं का कुणी? निदान चिमूटभर साखर तरी घालायची. पण त्या गोऱ्या बाईच्या एवढ्या मोठ्या भांड्यात चिमूटभर साखर घालून नेली तं ती म्हणेल नवऱ्यामागे हिचं डोकं फिरलं. शिवाय सुतक, सुतकातल्या घरचं कुणाला कसं द्यायचं? म्हटलं दिवस उलटू दे, मग पुरणपोळ्या करते आणि घरोघरी देऊन येते. दिवस उलटले. डाळ भिजवायला घ्यायची आणि हातच चालेना. कुणासाठी करायचं घरात? आज करू, उद्या करू, असं करता करता इतका उशीर झाला की मग उशिराचीच लाज वाटायला लागली, की आता कोणत्या तोंडानं जाऊ. नोकरीवरही गेले नाही. डोरिसचा फोन यायचा, काही हवंय का? मी म्हणायची नको. अहो, आपल्यात पहिल्यांदा नकोच म्हणतात, समोरच्यानं आग्रह करायचा असतो! ती म्हणायची बरं, आणि ठेवून द्यायची. मग फोनही बंद झाला. कुणी फिरकलं नाही. अख्खा हिवाळा मी खिडकीशी बसून काढला, आणि मनात धरलं की ही माणसं अशीच, चार दिवसांची माया. वसंतात नितीन आला, ओट्यावरच्या त्या भांड्यांसकट सामान बांधलं, मला घेऊन गेला. निरोपसुद्धा घेतला नाही मी कुणाचा.

तेव्हापासून इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आहे. आणि इथे मी काय केलं? सांगत सुटले. तुम्हीही ऐकलंय माझ्या तोंडून, मंडळाच्या पॉटलकला, सगळ्या घरून करून आणतो त्या जेवणाला, की बाई गं, नवरा गेला तर एक माणूस दारात आलं नाही, गोऱ्यांना माणुसकी नसते. आणि हे सांगत वाढत काय होते, तं साबुदाण्याची खिचडी, त्यांच्याच भांड्यांतून! पट्ट्या केव्हाच निघून गेल्या होत्या ना. शी! बोलतानासुद्धा अंगावर काटा येतो.

माझी नात रिया, नितीनची मुलगी, तिला शाळेत लिहायचं होतं, तुमच्या घराण्यातलं पहिलं माणूस इकडे कसं आलं. तिनं माझ्यावर लिहिलं. आजी पायोनियर, एकटी आजी, कुणी मदत केली नाही, गावाच्या नावासकट. टीचरला फार आवडलं, शाळेनं वेबसाइटवर टाकलं. डोरिसच्या मुलीनं ते वाचलं आणि नंबर शोधून फोन केला. भांडायला नव्हे हो. म्हणाली, आईला तुमच्याशी बोलायचंय.

डोरिस आता फार थकली आहे, पण आवाज तोच. म्हणाली, आम्ही तुझी वाट पाहिली. आमच्याकडे भांडं परत द्यायला माणूस आलं की समजायचं, हे आता बाहेर पडायला लागलं, मग त्याला बसवायचं, कॉफी पाजायची. तू आली नाहीस, फोनवर नको नको म्हणालीस, वाटलं तुला एकटीलाच राहायचंय, उगाच त्रास कशाला द्यायचा. तिचा नवरा माझ्या दारातला बर्फ काढून जायचा अख्खा हिवाळा. आणि मला काय वाटत होतं, तं नगरपालिकेचा माणूस आहे! आणि ती भांडी आली होती ना, त्यात एकातही बीफ नव्हतं. गाईंच्या त्या गावात! डोरिसनं घरोघरी सांगून ठेवलं होतं. हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मी नुसती सॉरी सॉरी म्हणत रडत होते. मग सांगितलं तिला, आमच्यात भांडं रिकामं देत नाहीत म्हणून.  ती म्हणाली, काय घालून आणणार होतीस? मी म्हटलं पुरणपोळी, डाळीची गोड पोळी असते. तर म्हणते, आम्ही खाल्ली असती गं.

फोन स्पीकरवर होता. रिया शेजारीच होती, म्हणाली, आजी, सो दे डिड कम? त्या पोरीकडे बघवेना मला. माझ्या भरवशावर लिहिलं होतं तिनं. आता ती सगळं नव्यानं लिहिते आहे, रागावली नाही, पण काही सांगितलं की विचारते, आजी, आर यू शुअर? विचारू दे, बरोबरच आहे तिचं. डोरिसला देव सुखात ठेवो, मी तर रोज तेवढंच मागते. आणि ताई, तुम्ही मंडळाच्या अंकासाठी लिहून घेताय, तं माझं बाकीचं काही राहिलं तरी चालेल, एवढं नीट लिहा. त्या आल्या होत्या. सगळ्या जणी आल्या होत्या.