अत्तराच्या दुकानातली 'फ्री टूर'

अगं, कुवेतला सलवा भागातल्या त्या अत्तराच्या दुकानाची वेबसाइट मी सांभाळायचे ना, तेव्हाची गंमत सांगते. एक दिवस आमचा मालक अबू खालिद भलताच खुशीत. एका परदेशी कंपनीची जाहिरात आमच्या साइटवर लावायची, तिथून त्यांना गिऱ्हाईक गेलं की आम्हाला कमिशन. करार पुढ्यात, पेन हातात!

मी वाचलं, तर 'फ्री टूर', 'मॉडेल्स', 'ट्रायल मेंबरशिप'.

"ट्रॅव्हल कंपनी आहे," आमचा मॅनेजर म्हणाला.

"नाही हो! अश्लील साइटवाल्यांची भाषा आहे ही. टूर म्हणजे फुकट दाखवायची झलक."

मॅनेजर हसला. "मॅडम, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

कुवेतमध्ये असली जाहिरात! दुकानाला टाळं लागून आम्ही सगळे परतीच्या विमानात बसलो असतो. मी सरळ त्या कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आमच्या मालकांच्या आईंना तुमची टूर दाखवली तर चालेल ना?"

पलीकडचा माणूस गडबडला. "आईंना? नको, नको! फक्त पुरुष गिऱ्हाइकांना दाखवा!"

अबू खालिदने करार टराटरा फाडला आणि मॅनेजरला म्हणाला, "यापुढे मॅडमनी वाचल्याशिवाय मी कशावरच सही करणार नाही."