सीलबंद पासवर्ड

हसायचं नाही हां, आधीच सांगतो. साकीनाक्याच्या आमच्या ऑफिसात लिनक्सच्या सर्व्हरवर जो तो ॲडमिन होऊन बसलेला. मी वैतागून ॲडमिनच्या यादीतून एकेकाचं नाव उडवलं. त्या घाईत माझंही उडालं! आणि तेवढ्यात ऑर्डरींचं सॉफ्टवेअर बंद पडलं. ते चालू करायला ॲडमिनच लागतो, आणि ॲडमिन तर कोणी उरलाच नव्हता.

आता एकच मार्ग, रूटचा, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याचा पासवर्ड. तो मी सुरक्षेच्या नावाखाली इतका लांबलचक ठेवलेला, की मलाच पाठ नव्हता. फोनवर फोन येतायत, मी नुसता येरझाऱ्या घालतोय.

आमच्या मॅनेजर डिसोझा मॅडम म्हणाल्या, "सावंत, घाबरतोस काय? तूच दिलेला सीलबंद लिफाफा आहे ना माझ्या कपाटात!"

त्यांनी तो काढताच मी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच. टरकन फाडला. आत माझ्याच अक्षरात चिठ्ठी: "पासवर्ड बदललाय. नवा लिहून देईपर्यंत सावंतला विचारा."

मॅडमनी चिठ्ठी वाचली आणि शांतपणे फोन लावला. माझ्या खिशात रिंग वाजली.

"उचल," त्या म्हणाल्या. "मला सावंतशी बोलायचंय."