भर पेठंत हात

...औषध दे म्हनलं तर औषध न्हाई! म्हनं, बायकूचा हात धरून फिरवा! तुमीच सांगा, ह्याला काय डॉक्टर म्हनायचं व्हय?

तुमाला सांगतो, आमची मंडळी न्हानीत घसरली. पायाचं हाड मोडलं, पलिस्तर झालं, पलिस्तर निगालं, हाड जुळलं... पन ही खाटंवरनं उठंल तर शप्पत! पाय भुईला टेकला की, "आवं, पडले, पडले!" आन परत आडवी. आमचा नानासो डॉक्टर, बापापास्नं आमच्या घरचा, मला बाजूला घेऊन म्हनतो कसा, "हंबीरराव, हाड बरं झालंय, भीती बरी झाली नाही. आता चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. रोज हात धरून पेठेतनं फिरवा."

हात? भर पेठंत? तासगावच्या? आवं, आमच्यात बाप्या फुडं चालतो आन बाई मागनं येती, मधनं बैलगाडी जाईल एवढी जागा सोडून! एकदाच धरला हुता हात, लग्नात, त्यो बी भटजी वरडला म्हनून! ह्याला काय डॉक्टर म्हनायचं?

पयल्या दिशी मी आपला निगालो फुडं. एस्टी स्टँडापतूर गेलो, वळून बघतो तर मागं कोन? कुत्रं! माघारी आलो तर ही दारातच, खांबाला मिठी मारून हुबी, डोळ्यांत पानी. "आवं, न्हाई जमायचं मला. माझी खाट गोठ्याजवळ टाका. तितनं म्हस तरी दिसंल."

म्हस दिसंल! ऐका! म्हंजी जलमभर पडून ऱ्हायाचं ठरवलंच की हिनं! माझं टाळकंच सरकलं. धरला हात, म्हनलं, चल!

तर समदी पेठ थांबली. पीरमहंमद शिंप्यानं मशीन बंद केलं... "हंबीरराव, वरात कुनाची?" म्हनलं, तुझ्या आज्याची! भाजीवाली चंद्राबाई तोंडाला पदर लावून, "अगं बया, म्हातारपनी लाड बघा!" लाड? हिचं निम्मं वज्जं माझ्या खांद्यावर, घामानं भिजलोय मी, आन लाड? बरं, ही सरळ चालंल तर ना! मधीच थांबती, वांग्याचा भाव इचारती... घ्यायची न्हाईत, नुसतं इचारायचं! पन काल तुमाला सांगतो, मी उठायच्या आदी पायतान घालून दारात बसली हुती.

आन आज त्यो नानासो काय म्हनला? "कमाल केलीत, हंबीरराव! आता हात सोडलात तरी चालतील त्या!" धरा म्हननार ह्योच, सोडा म्हननार ह्योच! ह्याला काय डॉक्टर म्हनायचं व्हय?

...हळू बोला जरा, आत हाय ती. तिला अजून सांगितल्यालं न्हाई.