बापसानं दिलेली जागा

आमी खारवी, रत्नागिरीच्या उत्तरेला खाडीच्या तोंडाशी आमचं गाव, आजा बोट हाकणारा तांडेल, बापूस तांडेल, मी पण तांडेल, शाळेत गेलो तो मास्तरांच्या घरी मासळी पोचवायला. आता काय सांगू तुमाला, आमच्यात माणूस बायकोला सगळं सांगेल, पण मासळीची जागा सांगणार नाय. बापसानं देवळाचा कळस नि डोंगराची सोंड अशी खूण धरून एक जागा मला दिली, ती मी जीपीएसमध्ये भरून ठेवली, सख्ख्या भावाला दाखवली नाय. आणि अलीकडं तिथं मासळी अशी लागायची, अशी लागायची, की जाळ्यात धडपडसुद्धा करायची नाय. मी बोललो, देवळातली आई पावली.

आमची सारिका, एकुलती पोर, गावातच दिलेली, जावई माझ्याच बोटीवर खलाशी, भला माणूस, नुसता अबोल. तिचं पहिलं पोटातच गेलं. पुन्यांदा दिवस गेले तशी मी तिला घरी आणली, बोटीवरचा पहिला चांगला मासा तिला, खा गो बाय, ताकद येईल.

तेवढ्यात देवरूखकडची एक मॅडम आली, कॉलेजात शिकवते, हातात टॅब घेऊन घरोघर विचारायची, कुणाचे हातपाय बधिरतात, कुणाची बाळं गेली, नि घराघराचा ठिपका नकाशावर मारायची. मंग बोटवाल्यांना बोलली, मासळी कुठं मारता ती जागा पण द्या. मी बोललो, बाय, त्यापेक्षा माझी किडनी माग. पण सारिकानं धरलं, बाबा, माझं का गेलं ते मला कळायला नको? मंग दिली जागा.

मॅडम परत आली ती ओटीवर बसेचना. बोलली, काका, आजारी घरं आळीनं लावून बघितली, जुळेनात, नळाच्या पाण्यानं जुळेनात, मंग कोण कुठल्या बोटीची मासळी खातं ते लावलं. आणि टॅब पुढ्यात धरला. लाल ठिपके ती सगळी माझ्या खलाशांची घरं. सगळी, ओ! माझं पण. आणि बापसानं दिलेल्या जागेला चिकटून खाडीवरच्या कारखान्याच्या घाण पाण्याच्या नळीचं तोंड. नळी किनाऱ्याला संपते असंच आमी धरून चाललेलो, ती पाण्याखालून पार तिथवर गेलेली. मासळी धडपडायची नाय ती झिंगलेली असायची, मेल्या, झिंगलेली! मी बोललो, खोटं. ती बोलली, पक्कं मी पण बोलत नाय, तपासणी होऊ दे, तोवर तिथली मासळी खाऊ नका.

सारिकाचं रक्त मुंबईला गेलंय, रिपोर्ट अजून यायचाय. पोर पोटावर हात ठेवून बसलेली असते. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मंग मी आमच्या घराण्यात कुणी केलं नाय ते केलं. जेटीवर उभा ऱ्हायलो नि ओरडून सगळ्या तांडेलांना जागा सांगितली, खुणेसकट, बाबांनो तिकडं जाऊ नका, विष हाय. दुसऱ्या दिवशी उजाडता बघतो तर सगळ्या बोटी तिथंच! काय म्हणायचं ह्या लोकांना? आणि परवा शेजारचा भिकूदादा दारात, हातात हा एवढा रावस, पोरीला आणलाय बोलला, तुझ्या जागेवरचा, तुझे लई उपकार झाले बघ. डोळ्यात पाणी त्याच्या. मी किती सांगितलं, तो हसतच गेला. रावस परड्यात खड्डा खणून पुरला. आई सगळ्यांची पोरं सुखरूप ठेवो, त्याची पण सून पोटुशी हाय.