तिसरी हाक

सोलापुरातल्या कॅन्सर दवाखान्यात माझ्या शेजारी शिवबाई आणि तिचा धाकटा भाऊ चनबसप्पा बसले होते. गालाच्या गाठीसाठी तिची आज पहिली केमो होती.

“डॉक्टर काय म्हणले रे?”

“प्रत्येक पेशीला मरायचं ठावं असतं, आक्का. गाठीतल्या पेशी ते विसरल्यात. औषध आठवण करून देतं, मग त्या आपसूक मरत्यात.”

“आन् चांगल्या पेशींना बी आठवलं तर?”

“थोड्यांना आठवतं. म्हणून केस जात्यात, तोंड येतं. परत भरून येतं की.”

“कुटं थांबायचं, हे औषधाला कोण सांगतं?”

“ते इचारायचं राहिलं.”

“शिवबाई,” आतून नर्सची हाक आली.

“ऊठ, आक्का.”

“थांब. आपली अव्वा म्हणायची, यमाला तिसरी हाक मारता येत न्हाई. तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची.”

“शिवबाई कोण आहे?” नर्सची दुसरी हाक आली.

उभा राहिलेला चनबसप्पा परत खाली बसला.