तिसऱ्या पिंपातलं तेल

— अहो मिस्त्री, तो पंप राहू द्या हो, आधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा! असा नाही, वाकून — हं. दिसलं? एकेका पेशीत तो चकचकीत थेंब? तेल आहे ते, तेल! दोन वर्षं मालक डोकं खाताहेत माझं — बाई, तुमचं शैवाल नुसतंच हिरवंगार, त्यात कस नाही, कोळंबीची पिल्लं खाऊन खाऊन मरताहेत, हे असंच चाललं तर ही खोली बंद आणि बाहेरून तयार पावडर! म्हणजे मी घरी, वहिनीच्या हाताखाली लसूण सोलत. आणि आज बघा, पिल्लं कशी टणाटण उडताहेत! मालक विचारतात, केलंत तरी काय? आता काय सांगू, तुमचं नाव सांगू? हसू नका. त्या दिवशी तुम्ही पंप उघडून बसलात, मी चहा टाकला, बोलत बसलो — म्हणजे मीच बोलत होते, तुम्ही कुठे बोलता — आणि तिसऱ्या पिंपाला खत घालायचं साफ विसरले! दुसऱ्या दिवशीही विसरले, त्याच तंद्रीत — कामाच्या हो, कामाच्या तंद्रीत. पिंपातलं समुद्राचं पाणी पिवळं पडलं आणि माझ्या तोंडचं पळालं. तर निघालं काय? आधी पोटभर खत देऊन वाढवायचं, मग खत एकदम तोडायचं — वाढ थांबते आणि भुकेच्या धास्तीनं ते तेल साठवतं! दुकानं बंद राहणार म्हटलं की वहिनी डबे भरते ना, अगदी तसं.

मालक इतके खूश, की उद्या नवा पंप येतोय. तीन वर्षांची गॅरंटी, बिघडला तरी कंपनीचाच माणूस येणार. हो, आनंदाचीच बातमी — आनंदातच आहे मी, दिसत नाही का? आता पंपाची हवेची नळी कुणी सैल केली तरी — झाली तरी, झाली तरी म्हणायचं होतं मला! असे काय बघताय? बरं, केली! दोनदा. हवा बंद असेपर्यंत पिंपं हातानं ढवळत बसायचे, दंड भरून यायचे. पण या सोमवारी नाही हं, आईशप्पथ, बोटसुद्धा लावलं नव्हतं — आपणहून बंद पडला, मला वाटलं देवच पावला —

खिशातून काय काढताय? हा तर आमच्याच पंपाचा स्क्रू. मागच्या खेपेला तुम्ही निघताना —

अगं बाई.

निघा. निघा आधी, मालक येतील. आणि हे बघा, नव्या पंपाला हात लावाल तर याद राखा, पिल्लं जगताहेत आता कुठे. रविवारी सरळ घरी या. दार वहिनी उघडेल, घाबरू नका. निघा म्हणते ना!